एक वेढा कमी

आमच्या घरी फोन नाही. खालच्या वाण्याकडे आहे. एरवी तो दुकानातूनच हाक मारतो, पण त्या दिवशी तो स्वतः जिना चढून वर आला तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. मी खिडकीशी आरसा लावून दाढी करत होतो. "मास्तर, मुलुंडहून फोन होता. डॉक्टर कोचरेकर वारले." एवढंच म्हणून माझ्या हातातला वस्तरा त्याने हळूच काढून घेतला आणि खाली ठेवला. मी तसाच निघालो. मुलुंडला त्याच्या घरात शिरलो तेव्हा शांतावहिनींनी वर बघितलं, आणि त्या भरल्या घरात, समोर नवरा पांढऱ्या चादरीखाली पडलेला असताना, त्या हसल्या. "मास्तर, अर्धी दाढी ठेवून आलात?" म्हणाल्या, आणि मग त्यांना जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. मला तर त्या क्षणी असं वाटलं की हा मेलेला माणूस आता उठून म्हणेल, "बस रे, उरलेली मी करून देतो."

अनंताची, म्हणजे या डॉक्टर कोचरेकरची, माझी ओळख तुरुंगातली. असं म्हटलं की लोक दचकतात, म्हणून सांगून टाकतो की आम्ही दोघेही तिथे पगारी होतो. तो तुरुंगाचा डॉक्टर, मी विणकामाचा मास्तर. कैद्यांना मागावर बसवून सतरंज्या आणि चादरी काढून घ्यायच्या हे माझं काम, आणि त्यांना मागावर बसण्याइतपत उभं ठेवायचं हे त्याचं. कोणता तुरुंग ते इथे पेपरात लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत, आणि मला कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. आम्ही दोघंही मालवणकडचे, दोघंही मुलुंडला शेजारी राहणारे, आणि दोघांनाही तोंड आवरत नसे. सकाळी बरोबर निघायचो, संध्याकाळी बरोबर परतायचो आणि वाटेत भांडायचो. मी अंधेरीला राहायला आल्यावर ते भांडण पत्रातून चालू राहिलं, पण त्याला ती चव नव्हती.

ती दारूबंदीची पहिली वर्षं. तुरुंग भरून वाहत होता. दारूवाल्यांबरोबर अफूवालेही यायला लागले. सरकारने जुन्या अफू खाणाऱ्यांना कार्डं दिली होती, त्यावर ठरावीक अफू मिळे. पण ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं ते चोरून घेत, पकडले जात आणि आमच्याकडे येत. गोदीतले हमाल, खाणीत दगड फोडणारे, गिरणीतून काढलेले म्हातारे. फाटकात झडती व्हायची, गाठीला बांधलेली काळी गोळी काढून घेतली जायची आणि त्याच दिवसापासून त्या माणसाचं व्यसन सुटलं असं तुरुंग धरून चालायचा. मग दुसऱ्या दिवसापासून बराकीत जे सुरू व्हायचं ते बघवत नसे. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, उलट्या, जुलाब, आणि पाय... पाय तर असे वळायचे की माणूस भिंतीवर टाचा आपटत बसायचा. वॉर्डर म्हणायचे, "नाटकं करतायत साले, काम नको म्हणून." आणि त्यातले काही खरंच नाटकं करत असत, हेही सांगितलं पाहिजे. अनंतालाही ते ठाऊक होतं. "अरे, नाटक करणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही," तो म्हणायचा. "काटा काय सांगून आणता येतो?"

जुलाब झाले की कैद्याला दवाखान्यात न्यायचे, आणि दवाखान्यात जुलाबावर एकच तपकिरी मिक्श्चर होतं. ते दिलं की अफूवाला तासाभरात शांत व्हायचा. कंपाउंडरला वाटायचं, जुलाब थांबले म्हणून शांत झाला. वॉर्डरला वाटायचं, नाटक संपलं. अनंताला मात्र एका दुपारी लख्ख कळलं की त्या मिक्श्चरमध्येच अफूचा अर्क आहे. म्हणजे फाटकात जे काढून घेत होतो तेच दवाखान्यात चमच्याने पाजत होतो, आणि तेही न मोजता, न कळता, ज्याचे जुलाब वाढतील त्याला जास्त. तो हसत हसत माझ्या मागाच्या खोलीत आला. "मास्तर, झकास कारखाना आहे आपला! एका दाराने काढतो आणि दुसऱ्या दाराने घालतो." पण मग तो हसायचा थांबला आणि एका उपड्या पाटीवर बसला. म्हणाला, "आई असती तर मला कानफटवलं असतं."

आई कुठून आली मध्येच, असं मला वाटलं. मग त्याने सांगितलं. त्याची आई गिरणीत सुताच्या खात्यात होती. दिवसभर कामावर जायचं तर तान्ह्या पोराला चाळीत झोपवून ठेवायला हवं, म्हणून त्या काळी सगळ्याच बायका देत तशी तीही बाळगोळी द्यायची. गोळीत अफू असे. गोळी सहाणेवर उगाळायची, ठरावीक वेढे द्यायचे आणि ते बोटावर घेऊन पोराच्या जिभेला लावायचं. पोर मोठं झालं की गोळी सोडवायची. पण कुठल्याही आईने ती कधी एकदम तोडली नाही. दर काही दिवसांनी सहाणेवर एक वेढा कमी. पोर किरकिरलं तर तिथेच थांबायचं, दोन दिवसांनी पुन्हा एक वेढा कमी. असं करत करत शेवटी नुसती सहाण ओली करून बोट लावायचं, आणि एक दिवस तेही नाही. "मी असा सुटलो," अनंता म्हणाला. "तूसुद्धा असाच सुटला असशील, विचार घरी." मी विचारलं. माझ्या मोठ्या बहिणीने मला वेडाच ठरवलं. म्हणाली, "मग काय, तुला एकदम तोडून मारायचा होता की काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने दवाखान्यात वेढे सुरू केले. जुलाब असोत नसोत, अंगावर काटा असलेला प्रत्येक अफूवाला रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहायचा आणि तो स्वतःच्या हाताने मिक्श्चर मोजून द्यायचा. काही दिवसांनी त्यात थोडं ओव्याचं पाणी जास्त. आणि हे तो लपवत नसे. मी त्याला एकदा म्हटलंही, की सांगतोस कशाला, नुसतं पाणी वाढव ना, त्यांना काय कळतंय? तो भडकलाच. "फसवून सोडवलेलं फाटकाबाहेर दोन दिवससुद्धा टिकत नाही. त्याला ठाऊक हवं की आज मी कमी घेतलं आणि तरी मी जिवंत आहे." कैद्यांनी 'वेढा' हा शब्दच उचलला. मागावर बसल्या बसल्या एकमेकांना विचारायचे, "तुझे किती वेढे राहिले रे?" मी विणकामाचा माणूस, मला औषधातलं कळत नाही, पण सुतातलं कळतं. ज्यांचे हात कापायचे त्यांच्या सतरंजीची किनार वाकडी यायची, धागा सारखा तुटायचा. वेढ्यांवर असलेल्या माणसांची किनार हळूहळू सरळ यायला लागली. मला तेवढा पुरावा पुरे होता.

सोनू धाकू आला तो त्याच दिवसांत. गिरणीतून काढलेला, छातीने खराब झालेला, आमच्याच भागातला म्हातारा. खोकल्यासाठी म्हणून सुरू केलेली अफू सुटलीच नाही. कार्ड नव्हतं, म्हणून पकडला गेला. त्याची बायको फाटकाशी येऊन बसली आणि अनंता बाहेर पडला तसा तिने त्याचा रस्ता अडवला. "डॉक्टरांनू, तेका एकदम तोडू नकात हां. तो मरतलो." अनंता म्हणाला, "आये, माका ठावूक आसा. मी वेढे कमी करतलंय." ती बाई त्याच्याकडे बघतच राहिली. सुटाबुटातल्या डॉक्टरच्या तोंडी तो शब्द येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मग माझो घोर गेलो." ती निघून गेली तेव्हा अनंता मला म्हणाला, "मास्तर, आता याला बाहेर काढला नाही तर मी तोंड दाखवू शकणार नाही." सोनू भला माणूस होता. मागावर बसण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून मी त्याला सुताच्या गुंड्या भरायला दिल्या होत्या. रोज मला सांगायचा, "मास्तरानू, आज पाय वळूक नाय."

त्याचे निम्मे वेढे झाले असतील-नसतील, तोच साहेबांच्या कानावर गेलं. साहेब म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट. वाईट माणूस मुळीच नव्हे. शिस्तीचा, स्वतः पान-तंबाखूलाही न शिवणारा, कैद्याच्या भाकरीत वाळू निघाली तर मुकादमाला उभा सोलणारा. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला का, तर मी सतरंज्यांच्या किनारीचं कौतुक भोजनगृहात सांगत सुटलो होतो. साहेब म्हणाले, "डॉक्टर, ज्या गोष्टीसाठी सरकारने माणूस आत टाकला, तीच गोष्ट सरकारी पैशाने मी त्याला पाजायची?" अनंता म्हणाला, "साहेब, पाजतोय नाही, काढतोय." "तुरुंग हेच औषध आहे," साहेब म्हणाले. "चार भिंतींत राहिला की आपोआप सुटतं." अनंताचा आवाज चढला. "साहेब, सुटतं ते शरीराला कळलं पाहिजे ना! शरीराला भिंत दिसत नाही." साहेबांनी टेबलावर हात ठेवला आणि शांतपणे सांगितलं की अफूवाल्यांना ते मिक्श्चर उद्यापासून बंद. वरून परवानगी आली तर ते आडवे येणार नाहीत, पण परवानगीशिवाय एक थेंब नाही.

अनंता हुकूम मोडणारा नव्हता. मी असतो तर चोरून दिलं असतं, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, "आणि उद्या पकडला गेलास, की वेढे कायमचे बंद. मला हे एका सोनूसाठी नकोय." सोनूला त्याने दवाखान्यातल्या खाटेवर हलवलं, कंपाउंडरला बजावलं की मिठाचं पाणी आणि पेज सारखी देत राहा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि सकाळीच मोठ्या कचेरीत परवानगी मागायला गेला. मी माझ्या कामावर. दुपारी सोनूला बघायला गेलो तर तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. "मास्तरानू, डॉक्टर खंय गेले?" "येतलो," मी म्हटलं, "तुझ्याच कामाक गेलो हा."

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण न लिहून कसं चालेल... कंपाउंडर हा मनाने चांगला, घरंदाज माणूस. म्हाताऱ्याचे हाल त्याला बघवेनात. प्रत्येक घरात मोठी माणसं रविवारी पोरांना एरंडेल पाजतात, पोट साफ झालं की सगळा विकार जातो म्हणतात, तसंच त्यालाही वाटलं, की पोटातली उरलीसुरली अफू एकदा धुऊन निघाली की म्हातारा मोकळा होईल. त्याने सोनूला एरंडेल दिलं. चांगलं भरपूर, वर गरम पाणी. सकाळपासूनच्या जुलाबांनी आधीच पार गळालेला तो देह, त्याला आणखी किती सोसणार? अनंता संध्याकाळी परत आला तो जवळजवळ धावतच. परवानगी मिळाली होती. वरच्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं होतं आणि 'करून बघा' म्हटलं होतं. तो आनंदाने दवाखान्यात शिरला आणि त्याने खाट बघितली. त्याने काय काय केलं ते मी बघत होतो. सलाइन लावलं, मिक्श्चर चमच्याने ओठांशी नेलं, ते बाहेर ओघळलं. सोनूचे हात-पाय गार पडत चालले होते. अनंता त्याचे पाय चोळत बसला. डॉक्टर, अंगात कोट, आणि एका कैद्याचे पाय मांडीवर घेऊन चोळतोय. सोनू गेला तेव्हाही तो चोळतच होता. मी त्याचे हात धरून थांबवले.

सोनूच्या बायकोला सांगायला तोच गेला. मला बरोबर येऊ दिलं नाही. ती काय म्हणाली हे त्याने कधीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. कंपाउंडरवर मात्र त्याने एक अक्षरही येऊ दिलं नाही. "त्याने जे केलं ते त्याच्या आईने शिकवलेलं. मी जे करत होतो तेही माझ्या आईने. फरक एवढाच, की मला माझं करू दिलं नाही." तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः दवाखान्यात आले, टोपी काढून त्या रिकाम्या खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचं ते सुरू करा." त्यानंतर साहेबांची बदली होईपर्यंत आमच्या तुरुंगात एकही अफूवाला भिंतीवर टाचा आपटताना मी पाहिला नाही.

पण बदली झाली. सगळं तोंडी होतं, एका माणसाच्या शब्दावर चाललेलं. नवे साहेब आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मिक्श्चर कुलपात टाकलं, आणि अनंता वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवून थकला. त्याचं म्हणणं काही आकाशातलं नव्हतं. झडती घेतानाच विचारा, अफू किती खातोस? खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही. मोजून द्या, कमी करत जा, त्याला सांगून कमी करा. हातांना काम द्या. आणि सुटायच्या दिवशी फाटकाबाहेर त्याच्या ओळखीचं कुणीतरी उभं असू द्या, कारण फाटकासमोर पहिला उभा असतो तो विकणारा. एका कचेरीत त्याला कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, या लोकांचा तुम्हाला एवढा पुळका का?" त्यावर त्याने, "मीही अफूवरच वाढलोय," असं उत्तर दिलं आणि समोरच्याचा चेहरा बघण्यात त्याला फार मजा वाटली. घरी येऊन ते तो मला दोनदा सांगून हसला. त्याच महिन्यात त्याने नोकरी सोडली.

नोकरी सोडून मुलुंडला दवाखाना काढला. पुढे खोकला-पडशाचे रोगी, आणि मागच्या खोलीत एक लोखंडी खाट. तुरुंगातून सुटून पुन्हा अफूकडे वळलेली माणसं तिथे यायला लागली. कुणी घाटकोपरहून, कुणी पार मानखुर्दहून चालत. त्या खोलीच्या दाराला त्याने कडीच ठेवली नाही, ना आतून ना बाहेरून. वहिनी सुरुवातीला घाबरल्या होत्या. बाई माणूस घरात, आणि हे असले लोक! तो म्हणाला, "त्यांना जायचं असेल तर जाऊ दे गं. राहणारा राहील." बरेच जण गेले. एखादा रस्त्यात भेटला तर तोंड चुकवायचा, आणि अनंताच पुढे होऊन त्याला हाक मारायचा. पण काही राहिले, सुटले, आणि लग्नकार्याला आम्हाला बोलवायला लागले. मी मात्र त्याच्यावर चिडायचो. वय झालं, छातीत दुखतं, कशाला हे? तो म्हणायचा, "तुरुंगाने करायचं काम मी माझ्या मागच्या खोलीत करतोय. उद्या तुरुंगाने सुरू केलं की मी दुकान बंद करीन, चल." ते दुकान त्याला बंद करायला मिळालं नाही. सकाळी अंघोळीला उठला, छातीत कळ आली आणि वहिनी शेजारून कुणाला बोलावून आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

परवा, म्हणजे अनंता जाऊन महिना झाल्यावर, मी पुन्हा मुलुंडला गेलो. पुढचा दवाखाना बंद होता. वहिनी मागच्या खोलीत खाटेवर धुतलेली चादर अंथरत होत्या. मी विचारलं, आता कुणासाठी? तेव्हा त्यांनी गणपतचं सांगितलं. गणपत मरोळच्या खाणीत दगड फोडणारा. अनंता गेला त्या दिवशी तो या खाटेवर होता, निम्म्या वेढ्यांवर आलेला. अंत्ययात्रेत तोही चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा औषधासाठी येऊन उभा राहिला. वहिनींना औषध देता येईना. त्या त्याला घेऊन जवळच्या दोन डॉक्टरांकडे गेल्या. एकाने अफूवाला म्हणताच दार लावून घेतलं, दुसरा म्हणाला माझ्यावर पोलीस येतील. गणपतने कसेबसे काही दिवस काढले. बाहेर विकणारा होता, पण त्याच्याकडे तो गेला नाही. वहिनींना म्हणाला, "बाई, हे औषध मुळात तुरुंगात सुरू झालं ना? डॉक्टर सांगायचे. मग मी तिथेच जातो." आणि वहिनी त्याला समजावून सांगेपर्यंत हा बाबा गाठीला राहिलेली जुनी गोळी हातात घेऊन स्वतःहून पोलीस चौकीत जाऊन उभा राहिला. मला पकडा म्हणाला. त्यांनी पकडला.

मी खाटेच्या कडेवर बसलो. त्या तुरुंगात मिक्श्चर अजूनही कुलपातच आहे हे मला ठाऊक होतं. वहिनींनाही ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "वहिनी, पण तिथे त्याला औषध कोण देणार?" त्यांनी चादरीची घडी सरळ केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते मला काय विचारता, मास्तर? तुम्ही पेपरात लिहिता ना? मग तिथे विचारा."

म्हणून विचारतो आहे. हा लेख तुमच्या हातात पडेल तेव्हा गणपत त्या भिंतीला पाठ लावून, कुणीतरी मोजून औषध घेऊन येईल म्हणून दाराकडे बघत बसला असेल. त्याला औषध कोण देणार?